टू-स्ट्रोकचे पुणे

कोथरूड, पुणे

चि. ईशान यास


अमेरिकन मसल कार पुण्यातल्या मुलांना भेटली ती पडद्यावर. अलका, वेस्ट एंड किंवा राहुल चित्रपटगृहात इंग्रजी सिनेमा लागे, त्यात पाठलाग असे आणि मस्टँग नाहीतर चार्जर चढावरून उडी घेऊन उताराला लागे. बाहेर लकडी पुलावर मात्र सायकली आणि स्कूटर. तरीही १९७० ते १९९५ या काळात इथे वाढलेल्या मुलांना इंजिनाचे वेड लागलेच, आणि ते डेट्रॉइटच्या मुलांपेक्षा कमी नव्हते. त्यांचे मन बसले ते टू-स्ट्रोक मोटारसायकलवर. जावा, येझदी, राजदूत ३५० आणि यामाहा आरएक्स १०० या चार गाड्यांची नावे घेतली की आज पन्नाशी-साठीतले पुणेकर अजूनही खुलून बोलू लागतात.

मोटारी का नाहीत, याचे कारण धोरणात आहे. अमेरिकन गाडी महाराष्ट्राला परकी नव्हती. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला शेव्हरोलेची जुळणी सुरू केली होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, क्रायस्लरशी करार केला आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि प्लिमथ बाहेर पडू लागल्या. पुढे १९५३ च्या सुमारास सरकारने ठरवले की नुसती जुळणी चालणार नाही, गाडी इथेच घडवायला हवी. तेव्हा जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनीही गाशा गुंडाळला. आयातही जवळजवळ बंद झाली. त्यामुळे १९६४ मध्ये तिकडे पाँटियाक जीटीओ आणि फोर्ड मस्टँग आल्या तेव्हा इकडे अँबॅसिडर, फियाट आणि स्टँडर्ड एवढ्याच मोटारी होत्या, आणि त्याही नंबर लावून मिळत. जीटीओचे इंजिन ६.४ लिटरचे आणि ३२५ अश्वशक्तीचे. अँबॅसिडरचे दीड लिटरचे. मध्यमवर्गीय घरातल्या मुलाने मोटारीवर जीव लावावा असे तिच्यात काही नव्हते, आणि ती त्याच्या दाराशीही नव्हती.

मसल कारचे गणित सोपे होते. मध्यम आकाराच्या साध्या गाडीत मोठ्या गाडीचे इंजिन बसवायचे आणि किंमत तरुणाच्या आवाक्यात ठेवायची. जनरल मोटर्सने मध्यम गाड्यांच्या इंजिनाला ३३० घन इंचांची मर्यादा घातली होती. पाँटियाकचे मुख्य अभियंता जॉन डीलोरिअन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८९ घन इंचांचे इंजिन टेम्पेस्ट या गाडीत 'जादा सोय' म्हणून देऊ केले आणि मर्यादेला वळसा घातला. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या. हलके अंग, जोरकस इंजिन आणि परवडणारी किंमत हेच गणित वीस वर्षांनी भारतात दोन चाकांवर मांडले गेले.

त्याआधी पुण्यातल्या मुलाची इंजिनाशी पहिली ओळख स्कूटरवर होई. बजाजने आकुर्डीत १९६० च्या सुमारास व्हेस्पा बनवायला घेतली. करार संपल्यावर १९७२ मध्ये चेतक आली. नंबर लावल्यावर ती हाती पडायला कित्येक वर्षे लागत. लहान मुलाची जागा ठरलेली असे: पुढे, हँडल आणि वडिलांचे गुडघे यांच्या मध्ये, उभे राहून. थंडीतल्या सकाळी वडील स्कूटर एका बाजूला तिरकी करत, क्षणभर तशीच धरत, मग सरळ करून किक मारत. मुलाला ते मंत्रासारखे पाठ होई. पण स्कूटर घराची होती. तिच्यावर भाजी, गॅसचे सिलिंडर आणि चौघांचे कुटुंब जात असे. मोटारसायकल असे ती काकाची, मामाची, नाहीतर वाड्यातल्या कॉलेजकुमाराची. ती एकट्या माणसाची होती, आणि एकट्या माणसाला हवे तिकडे नेत होती. बहुतेक मुलांचे प्रेम तिथेच जुळले, आणि ते यंत्रावर जितके होते तितकेच ते यंत्र चालवणाऱ्या माणसावर होते.

जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात ती १९६१ पासून बनू लागली आणि सत्तरच्या दशकात तिची येझदी झाली. १९७८ ची रोडकिंग या घराण्यातली सर्वांत गाजलेली. एकाच सिलिंडरला दोन बाजूंनी दोन सायलेन्सर, २५० सीसीचे इंजिन आणि १६ अश्वशक्ती. लहान मुलाला मात्र या आकड्यांचे काही नव्हते. त्याला खिळवून ठेवी तो डाव्या बाजूचा एक दांडा. या गाडीला किक आणि गिअर वेगवेगळे नव्हते. काका तो दांडा पायाने इंजिनाकडे आत दाबत, वर वळवून उभा करत, आणि मग त्याच दांड्यावर किक मारत. इंजिन धरले की दांडा परत आडवा होऊन गिअरचे काम करू लागे. दुसऱ्या कुठल्याही गाडीच्या सवयीचा माणूस येझदीपुढे हमखास अडे आणि अंगणातले सात वर्षांचे पोर त्याला दांडा कसा दाबायचा ते सांगे. गुळगुळीत क्रोमची टाकी, तिच्या दोन्ही बाजूंचे रबरी पॅड आणि त्या टाकीवर बसल्यावर मांड्यांना जाणवणारी इंजिनाची थरथर ही त्या पिढीची खरी आठवण आहे.

राजदूत ३५० ही या चौघींतली सर्वांत दांडगी. एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये यामाहाची आरडी ३५० या नावाने इथे आणली. दोन सिलिंडर, ३४७ सीसी, सहा गिअर आणि पहिल्या आवृत्तीत ३०.५ अश्वशक्ती. त्याच काळच्या बुलेटची १८ होती, हे लक्षात घेतले म्हणजे फरक कळतो. ब्रेक मात्र पुढेमागे दोन्हीकडे ड्रमचे, आणि ते त्या वेगाला पुरेसे नव्हते. पेट्रोल इतके पिणारी गाडी नोकरदाराला परवडणारी नव्हती. काही वर्षांतच तिचे उत्पादन थांबले. विकली गेली थोडी, पण दिवे घाटात किंवा खंबाटकीत ती एकदा मागून येऊन पुढे निघून गेलेली ज्याने पाहिली, त्याने ती आयुष्यभर सांगितली. मसल कार हे नाव भारतात कुठल्या एका गाडीला शोभत असेल तर ते हिला.

मात्र खरे राज्य केले ते आरएक्स १०० ने. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने जपानी कंपन्यांशी सहकार्याची वाट मोकळी केली आणि दोन-तीन वर्षांत चार गाड्या आल्या: इंड-सुझुकी, हिरो होंडा, यामाहा आणि कावासाकी बजाज केबी १००. यांत हिरो होंडा एकटी फोर-स्ट्रोक. तिची अश्वशक्ती ७ च्या आसपास, आणि नोव्हेंबर १९८५ मध्ये आलेल्या आरएक्सची त्याच १०० सीसीत ११. वजन सुमारे १०० किलो. कॉलेजातल्या मुलाला ट्यूशन घेऊन, मामाकडून थोडे पैसे घेऊन ती जुन्यात विकत घेता येई. बीएमसीसी, एस. पी., फर्ग्युसन या कॉलेजांच्या दारांतून संध्याकाळी निघणाऱ्या आरएक्सचा आवाज प्रभात रोडच्या गल्लीत खेळणारी मुले न पाहता ओळखत, आणि पैजाही लावत.

हा आवाज आणि ही उसळी येते कुठून, हे समजून घेण्यासारखे आहे. फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या चार हालचालींमागे एकदा स्फोट होतो. टू-स्ट्रोकमध्ये दोन हालचालींमागे, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला. फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. सिलिंडरच्या भिंतीतली भोके पिस्टन स्वतःच उघडतो आणि झाकतो. म्हणून इंजिन हलके आणि चपळ. सायलेन्सरचाही शक्तीत वाटा असतो. त्याच्या फुगीर भागातून परत येणारी दाबाची लाट बाहेर निसटू पाहणारे पेट्रोल पुन्हा सिलिंडरमध्ये लोटते, पण हे घडते ते ठरावीक फेऱ्यांवरच. तोवर गाडी शांत असते, आणि तो आकडा ओलांडला की एकदम झेपावते. अनेक गाड्यांत हे जमून येते तेव्हा मागे बसलेल्याला चालवणाऱ्याचा शर्ट घट्ट धरावा लागतो. मसल कारच्या व्ही-८ इंजिनाचा गडगडाट खालपासूनच असतो, टू-स्ट्रोक मात्र आधी वाट पाहायला लावते. या वाट पाहण्यातच तिची सगळी गोडी आहे.

यंत्र साधे असल्याने ते घरीच उघडता येई, आणि पुण्यातल्या कितीतरी अभियंत्यांची पहिली कार्यशाळा वाड्याचे अंगण होती. प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, गॅप बघायचा, परत लावायचा. दर काही महिन्यांनी सायलेन्सरच्या आतली नळी काढून तिच्यावरचा काळा कार्बन जाळायचा, कारण ऑइल जळून तो साचतो आणि गाडीचा पिकअप मरतो. पाना आणून देणे हे लहान भावाचे काम, आणि दहा-अकरा-चौदामधला फरक तो त्यातच शिकत असे. पिस्टन, रिंगा, क्लचप्लेटा यांसाठी नाना पेठ होती, आणि जे नाना पेठेत मिळत नसे ते बुधवारी नाहीतर रविवारी जुन्या बाजारात शोधावे लागे. ही देखभाल म्हणजे त्रास आहे असे कुणाला वाटत नव्हते. गाडीशी बोलण्याची तीच रीत होती.

याच प्रेमाची दुसरी बाजू म्हणजे धूर. टू-स्ट्रोकमध्ये जळून गेलेला वायू बाहेर लोटण्याचे काम ताजे पेट्रोलच करते, आणि त्यातला बराच भाग न जळता सायलेन्सरमधून निघून जातो. शिवाय इंजिनाला लागणारे ऑइल पेट्रोलबरोबरच जळते; तो निळसर धूर त्याचाच. भारतात दुचाकींच्या धुराला ग्रॅममध्ये मर्यादा १९९१ मध्ये आली. १९९६ मध्ये कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा किलोमीटरला ४.५ ग्रॅम झाली, तर हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड यांची मिळून ३.६ ग्रॅम. २००० मध्ये दोन्ही आकडे २ वर आले. या मोजणीचे काम ज्या संस्थेत चालते ती १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. टेकडीखालच्या पौड रोडवर मुले आरएक्सला रेस देत होती आणि वर प्रयोगशाळेत त्याच जातीच्या इंजिनाचा धूर मोजला जात होता. आयडियल जावा १९९६ मध्ये बंद पडली. आरएक्स १०० चे उत्पादनही त्याच वर्षी थांबले.

तिकडे अमेरिकेतही हेच झाले. १९७० चा स्वच्छ हवा कायदा, तरुणांच्या गाड्यांवरचे चढे विमाहप्ते आणि ऑक्टोबर १९७३ चा तेलबहिष्कार यांनी मसल कारचे दशक संपवले. दोन्हीकडे निकाल योग्यच लागला. ज्या शहरात लाखो दुचाक्या रोज धावतात तिथे निम्म्याहून अधिक टू-स्ट्रोक असत्या तर सिग्नलला श्वास घेणे अवघड झाले असते. प्रेम असलेल्या वस्तूबद्दलही हे म्हणता आले पाहिजे.

पुढची पिढी फोर-स्ट्रोकवर वाढली. नोव्हेंबर २००१ मध्ये बजाजची पल्सर आली आणि पुण्याच्या मुलांना पुण्याचीच मोटारसायकल मिळाली. शेव्हरोलेही जवळ आली, पण वेगळ्या रूपात: २००८ मध्ये तळेगावला कारखाना निघाला, त्यात स्पार्क आणि बीटसारख्या छोट्या गाड्या बनल्या आणि २०२० च्या अखेरीस तो थांबला. मस्टँग २०१६ मध्ये अधिकृतपणे भारतात विक्रीला आली, किंमत ६५ लाख. लहानपणी पडद्यावर पाहिलेल्या गाडीचे स्वप्न पुरे करणे बहुतेकांना तेव्हाही शक्य नव्हते.

उरल्यासुरल्या टू-स्ट्रोकचे काय, हा आजचा प्रश्न आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी आरटीओत तपासणी, नूतनीकरण आणि पर्यावरण कर. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळा नियम केला. गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातली असेल तर तिला 'व्हीए' मालिकेचा स्वतंत्र क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात आणि ती रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर काढता येते. सुरुवातीच्या जावा त्यात बसतात. १९८३ ची राजदूत ३५० बसेल २०३३ मध्ये, आणि पहिली आरएक्स १०० त्यानंतर दोन वर्षांनी. पंधरा ते पन्नास या मधल्या ३५ वर्षांत कायद्याच्या नजरेत गाडी केवळ एक जुनी, धूर सोडणारी दुचाकी असते आणि याच काळात बहुतेक गाड्या भंगारात जातात. तू राहतोस त्या मिशिगनमध्ये २५ वर्षांहून जुने वाहन ऐतिहासिक म्हणून नोंदवता येते आणि त्याचा वापर मर्यादित ठेवला जातो. रोजच्या वापराला बंदी आणि जतनाला मोकळीक, हा तोडगा इथेही ५० ऐवजी २५-३० वर्षांवर आणायला हवा. हवेचे नुकसान होणार नाही आणि गाड्या वाचतील.

१९९५ पासून ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते, तिला तू यंदाही जाशील. तिथल्या मालकांना ही नोंदणी कशी करतात, तपासणी कोण करते आणि विमा किती पडतो हे विचारून सविस्तर लिहून पाठव. इथल्या काही जुन्या येझदी आणि आरएक्सवाल्यांना सरकारकडे अर्ज करायचा आहे, त्यात ते उपयोगी पडेल.

घरी सर्वांना नमस्कार-आशीर्वाद.

तुझा
काका