किडीच्या नजरेतलं पॉलिहाऊस

पॉलिहाऊसमधलं पिवळं कार्ड पिवळं असतं ते आपल्यासाठी. पांढऱ्या माशीला तिथे पान दिसतं. खऱ्या पानापेक्षाही जास्त पानासारखं, कोवळं, रसाळ आणि उतरायला बोलावणारं पान. मावळात गुलाब-जरबेरा घेणारे आम्ही सगळेच ही कार्डं वर्षानुवर्षं टांगत आलो आहोत. पण हा रंग नेमका कुणाच्या डोळ्यासाठी आहे, याचा विचार करून कार्ड टांगणारे थोडे. हा विचार सुरू झाला आणि माझी शेती करण्याची रीत बदलली, म्हणून हे लिहितो आहे.

आपल्या डोळ्यांना लाल, हिरवा आणि निळा हे तीन पाये आहेत. बहुतेक किडींचे तीन पाये वेगळे: हिरवा, निळा आणि आपल्याला न दिसणारा अतिनील. कार्ल फॉन फ्रिश यांनी 1914 मध्ये मधमाश्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. माश्या निळा रंग करड्या छटांतून अचूक ओळखायच्या, पण लाल आणि काळसर यांत गोंधळायच्या. आपण ज्या लाल गुलाबासाठी जिवाचं रान करतो, तो लालपणा त्या घरातल्या बहुतेक किडींसाठी नसल्यातच जमा आहे.

मग पान ओळखायचं कसं? पान हिरवा प्रकाश, म्हणजे साधारण 550 नॅनोमीटरच्या आसपासचा, जास्त परत पाठवतं आणि निळा व अतिनील बराचसा गिळून टाकतं. मावा आणि पांढरी माशी हाच हिशेब मांडतात: हिरवं किती आलं आणि त्यातून निळं किती वजा झालं. पिवळा कागद हिरव्या पट्ट्यातला प्रकाश पानापेक्षा कितीतरी जास्त परत फेकतो आणि निळा जवळपास सगळा गिळतो. हिशेबाचं उत्तर खऱ्या पानापेक्षा मोठं येतं. पांढऱ्या कागदातूनही हिरवा प्रकाश भरपूर येतो, पण त्याच्यासोबत निळाही येतो, म्हणून पांढरी माशी त्याला पान समजत नाही. शिवाय कोवळी फूट जुन्या पानापेक्षा पिवळसर असते आणि तिच्यात रसही चांगला असतो. माशी फसते खरी, पण तिच्या फसण्यामागे तिच्या जगण्याचं शहाणपण आहे. जर्मनीतल्या मोरिके यांनी 1950 च्या सुमारास माव्यासाठी पाणी भरलेली पिवळी ताटं वापरली, तिथपासून आजच्या चिकट कार्डापर्यंत सगळं याच एका हिशेबावर चाललं आहे.

लॉरेन्स माउंड यांनी 1962 मध्ये पांढऱ्या माशीबद्दल आणखी एक गोष्ट मांडली. तिला दोन टोकांचे रंग ओढतात. एकीकडे निळा-अतिनील, दुसरीकडे पिवळा. पहिला उडण्याशी आणि दूर जाण्याशी जोडलेला, दुसरा उतरण्याशी आणि खाण्याशी. हे वाचलं तेव्हा माझ्या घरातल्या किती तरी गोष्टी जागच्या जागी बसल्या. उडायच्या तयारीत असलेली माशी आकाशाकडे बघत असते, पिवळं कार्ड तिच्या लेखी नसतं. म्हणून गटरजवळ उंच टांगलेलं कार्ड स्वच्छ राहतं आणि खाली शेंडे भरलेले असतात. कार्ड हवं शेंड्यापासून वीतभर वर, आणि गुलाबाची दांडी वाढेल तसं दोरीने वर सरकवायचं. एक कार्ड दाराशी आणि एक बाजूच्या पडद्याशी असतंच, कारण बाहेरून आलेली माशी पहिल्यांदा उतरते ती तिथे.

फुलकिड्यांचं प्रकरण मात्र जास्त अवघड आहे. दुकानात विचारा, लगेच उत्तर मिळतं: पांढऱ्या माशीला पिवळं, थ्रिप्सला निळं. निळ्या कार्डाची ही कीर्ती मुख्यतः एका जातीमुळे झाली. मूळचा अमेरिकेचा पश्चिमी फुलकिडा 1980 च्या दशकात युरोपातल्या काचघरांत पसरला. तो फुलात राहतो, परागकण खातो आणि निळ्याकडे जोरात धावतो. तिकडच्या फूलशेतीसोबत निळं कार्डही आपल्याकडे आलं. पण आपल्या गुलाबावर जो शेंडा वाकडा करतो, कोवळी पानं तांबूस करून गुंडाळतो, तो बहुतेक वेळा सिर्टोथ्रिप्स डोर्सॅलिस असतो. मिरचीवर बोकड्या आणणारा आणि द्राक्षबागायतदारांना छळणारा हाच. त्याचं पोट कोवळ्या पानावर भरतं आणि त्याला पिवळा, पिवळसर हिरवा रंग निळ्यापेक्षा जास्त ओढतो. निळं कार्ड रिकामं आहे म्हणून फुलकिडे नाहीत असं समजणारा माणूस चुकीच्या किडीची हजेरी घेत असतो. पानावर जगणाऱ्याला पानाचा रंग आणि फुलावर जगणाऱ्याला फुलाचा, इतकं साधं हे आहे. तरीही मी फक्त कार्डावर विसंबत नाही. शेंडा पांढऱ्या कागदावर झटकायचा आणि भिंगाखाली पाहायचं, हे रोज सकाळी होतंच. लाल कोळी तर कार्डावर येणारच नाही, त्याला पंखच नाहीत. तिथे पान उलटं करण्याला पर्याय नाही.

रंगाचा सगळ्यात मोठा निर्णय मात्र कार्डाचा नसतो, छताचा असतो. आणि तिथे आपल्याकडे एक घोळ पक्का बसला आहे. 200 मायक्रॉनचा कागद 'यूव्ही' आहे असं म्हटलं की लोक निश्चिंत होतात. पण यूव्ही स्टॅबिलाइज्ड म्हणजे कागद उन्हाने लवकर फाटणार नाही, एवढंच. अतिनील किरण आत येऊ न देणारा कागद ही वेगळी वस्तू. किडीच्या दृष्टीने या दोन छतांखाली दोन वेगळ्या दुनिया असतात. इस्रायलमध्ये अँटिग्नस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात अतिनील शोषणाऱ्या कागदाखाली टोमॅटो घेतला, तेव्हा पांढरी माशी कमी आली आणि तिने पसरणारा पर्णगुच्छ विषाणूही कमी झाला. तिथे कागद कुणालाही मारत नव्हता. आत अतिनील नाही म्हणजे किडीच्या एका डोळ्यापुढे अंधार, आणि अशा ठिकाणी ती शिरायला आणि शिरलीच तर पसरायला कचरते. गुलाबवाल्यांना दुसरा फायदाही होतो, लाल पाकळीच्या कडा काळवंडणं घटतं. पण परागीभवनासाठी मधमाशीवर अवलंबून असलेल्या पिकात हाच कागद अडचणीचा ठरू शकतो, कारण तीही त्याच अतिनीलाच्या आधाराने वाट शोधते. आणि बाजूचे पडदे दिवसभर गुंडाळून ठेवले तर त्या वाटेने उघडं आकाश आत येतं. कागदाचे पैसे मोजल्यावर बाजूची जाळी आणि दुहेरी दार यांची हेळसांड करणं मला बघवत नाही.

ढोबळी मिरचीच्या बेडवर चंदेरी-काळा मल्चिंग पेपर अंथरतो, त्यातही हाच खेळ आहे, उलट्या बाजूने. चंदेरी बाजू आकाशाचा अतिनील खालून वर फेकते, उतरू पाहणाऱ्या माव्याला जमिनीच्या जागी आकाश भेटतं आणि तो बिचकतो. झाडं वाढून बेड झाकला गेला की हा परिणाम ओसरतो, पण रोप कोवळं असतानाचे ते आठवडे फार मोलाचे.

जपानमधल्या शेतकऱ्यांनी हा विचार रात्रीपर्यंत नेला, याचं मला फार कौतुक वाटतं. रात्री फिरणाऱ्या पतंगाचा डोळा अंधाराला जुळवून घेतो. घरात मंद पिवळा उजेड ठेवला की तोच डोळा दिवसाच्या घडणीत जातो. घाटेअळीचा पतंग मग उडत नाही, जोडी जमत नाही, अंडी पडत नाहीत. पांढरा किंवा निळसर दिवा लावला तर मात्र बाहेरचे पतंग आत ओढले जातात. शेवंतीत आणखी एक पेच असतो: रात्रीचा उजेड मिळाला की तिचं कळी धरणं लांबतं. म्हणून तिकडे लुकलुकणाऱ्या पिवळ्या दिव्यांवरही काम झालं. दिवसा लाल दिवे लावून खरबूज आणि वांग्यावरचे फुलकिडे कमी करण्याचे प्रयोगही जपानमधलेच. जो रंग किडीला जवळजवळ दिसत नाही, तोच तिला पान सापडू देत नाही, ही गोष्ट मला अजूनही थक्क करते.

एवढं सगळं असून कार्ड हे माझ्या लेखी औषध नाही, वाचन आहे. पांढरी माशी एकदा पानामागे दाट बसली की कार्डं कितीही वाढवली तरी पुरी पडत नाहीत. पण पहिल्या माश्या कार्डावर कुठल्या कोपऱ्यात लागल्या हे वाचता आलं, तर सबंध घराऐवजी दोनच बेडवर फवारणी पुरते. आणि जेव्हा परोपजीवी गांधीलमाश्या सोडायच्या असतात, तेव्हा पिवळी कार्डं मी मोजकीच ठेवतो, बाकीची उतरवतो. त्या इवल्या माश्याही पान शोधतच यजमानापर्यंत पोचतात आणि पिवळा कागद त्यांनाही गिळतो. फुलकिडे खाणाऱ्या ओरियस ढेकणाला जांभळ्या प्रकाशाने पिकाकडे बोलावता येतं, असं जपानमध्ये दिसलं आहे. आपल्याकडच्या ओरियसवर तसा दिवा लावून पाहायला हवा. एका बेडच्या टोकाला, फवारणी थांबवून, शेजारी बिनदिव्याचा बेड ठेवून.