सूर्याची काहील

व्हॅटिकनच्या संग्रहालयात मद्य प्यायची एक उथळ ग्रीक वाटी आहे, इ.स.पू. ४८०च्या सुमाराची. तिचा फोटो पाहिला आणि मी अडकलेच. तळाशी समुद्र रंगवलाय, आणि त्यात एका मोठ्या भांड्यात बसलेला हेराक्लिस. अंगावर सिंहाचं कातडं, हातात गदा. तरी ध्यान मात्र जपून बसलेल्या पोरासारखं.

भांडं हेलिऑसचं, म्हणजे सूर्याचं. चार घोड्यांचा रथ दिवसभर हाकून तो पश्चिमेला टेकतो आणि रात्री सोन्याच्या भांड्यातून पृथ्वीला वेढणाऱ्या ओशनसच्या पाण्यावरून पूर्वेला परततो. मिम्नर्मस नावाच्या कवीला तर त्याची कीवच आली होती: ना त्याला सुट्टी, ना घोड्यांना. उन्हानं कावलेल्या हेराक्लिसनं त्याच्यावर बाण रोखला, तर यानं कौतुकानं आपलं भांडंच उसनं दिलं! देखण्या अपोलोपेक्षा मला हा राबणारा देव आवडतो. देवांनी पृथ्वी वाटून घेतली तेव्हाही हा कामावरच. वाटा राहूनच गेला. मग समुद्रातून वर येणारं ऱ्होड्स बेट त्यानं मागून घेतलं. तिथल्या लोकांनी त्याचा सुमारे ३३ मीटर उंच ब्राँझचा पुतळा उभारला. तो साठेक वर्षांत भूकंपानं गुडघ्यात मोडला.

पण ते भांडं पाहून मला आठवली ती काहील. पंचगंगेला पूर आला होता, मामाच्या गल्लीत छातीभर पाणी. गुऱ्हाळावरची रस आटवायची काहील दारात आणून मला, आजीला आणि पिठाच्या डब्याला आत बसवलं. काहिलीला पुढचं-मागचं काही नसतं. वल्हं मारावं तर ती जागच्या जागी गरगरते. म्हणून मामा आणि आणखी एकजण काठ धरून पोहत होते. आत करपलेल्या गुळाचा वास. ‘हलू नगंस,’ मामा सारखा ओरडायचा, आणि आजी दर गिरकीला ग्रामदैवताचं देऊळ दिसलं की हात जोडायची. तिनं चार-पाचदा तरी जोडले.

हेलिऑस तर म्हणे आत झोपलेला असे. मग काठ कोण धरायचं?

आम्हाला उतरवून मामा म्हशी आणायला मागं फिरला. त्या काही काहिलीत मावत नाहीत. कासरा धरायचा, त्या मागून पोहत येतात. पाण्यावर नुसती तोंडं, फेंदारलेल्या नाकपुड्या.

पार्थेनॉनच्या पूर्वेकडच्या त्रिकोणी शिल्पपट्टाच्या डाव्या कोपऱ्यात सूर्य उगवतोय. त्याचं डोकं कधीच नाहीसं झालंय, पसरलेले हात उरलेत. आणि समोर, पाण्यातून नुकतीच वर आलेली घोड्यांची तोंडं.