तगरचं कापड, अक्सुमचा राजा आणि आपला मोंढा

बाहेरगावी कुणी विचारलं, "गाव कोणतं?" आणि मी "सास्तूर" म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "भूकंपाचं का?"

हो, भूकंपाचंच. 30 सप्टेंबर 1993. आदल्या रात्री गणपती बोळवले आणि पहाटे चारच्या सुमारास माळवदं खाली आली. मी तेव्हा शाळेत होतो. त्यावर लिहायला बसलो नाही. पण एवढ्या वर्षांनंतरही जगाला आपली ओळख एका पहाटेपुरतीच आहे, हे मनात कुठंतरी टोचत राहतं.

मागच्या महिन्यात पोराला घेऊन तेरला गेलो होतो. गोरोबाकाकांचं दर्शन घेतलं आणि उन्हाचं थोडं थांबावं म्हणून लामतुरे वस्तुसंग्रहालयात शिरलो. तेरचेच रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडलेल्या वस्तू हयातभर जमवल्या, त्यातून हे उभं राहिलं. मणी, शंखाच्या बांगड्या, भाजलेल्या मातीच्या मूर्ती, रोमन नाण्यांची नक्कल केलेल्या मातीच्या चकत्या. आणि हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती. तशीच एक मूर्ती 1938 साली इटलीतल्या पाँपेई शहरात सापडली. ते शहर इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं होतं. म्हणजे ती मूर्ती त्याआधी आपल्याकडून समुद्रापार गेलेली.

पोरगं बघून झाल्यावर म्हणालं, "पप्पा, एवढं मोठं होतं तर मग आता असं का?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर शोधायला लागलो, आणि शोधता शोधता थेट आफ्रिकेत पोचलो.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं एक पुस्तक लिहिलं. त्याला 'पेरिप्लस' म्हणतात. लेखकाचं नाव त्यावर नाही. कुठल्या बंदरात काय विकतं, काय मिळतं, वारा कधी धरायचा, असं साधं धंद्याचं पुस्तक. त्यात लिहिलंय की भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगर म्हणजे आपलं तेर. ही ओळख फ्लीट या अभ्यासकानं 1901 मध्ये पक्की केली. तगरहून काय जायचं? जाडंभरडं कापड भरपूर, तलम मलमल, आणि 'मोलोखिना' नावाचं कापड. हे सगळं गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला.

आता त्याच पुस्तकाचं आधीचं पान. तांबड्या समुद्राच्या आफ्रिकेकडच्या काठावर अदुलिस नावाचं बंदर. तिथं हिंदुस्थानातून काय उतरतं, त्याची यादी आहे: लोखंड, पोलाद, सुती कापड, लाख. आणि त्या यादीत पुन्हा तेच नाव, मोलोखिना. तिथं उतरलेला गठ्ठा तेरचाच होता असं मी म्हणत नाही. पण एकाच पुस्तकात हा माल आपल्या दारातून निघताना दिसतो आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरतानाही दिसतो. तेरणेच्या काठचा विणकर आणि तांबड्या समुद्रावरचा हमाल एकाच साखळीत होते, एवढं म्हणायला हरकत नाही.

अदुलिसपासून डोंगर चढत आठ दिवस चाललं की अक्सुम लागायचं. आजच्या इथिओपियातलं. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंच पठार, बैलांच्या नांगरावर चालणारी शेती, समुद्र लांब. आपल्यासारखाच आतला मुलूख. त्या भागाचा राजा झोस्कालेस. पेरिप्लसवाला त्याच्याबद्दल लिहितो की हाताचा चिकट, सारखं आणखी मिळावं म्हणून धडपडणारा, पण बाकी भला माणूस आणि ग्रीक लिहिता-वाचता येणारा. वाचून हसू आलं. आपल्याकडं असा एखादा आडत्या प्रत्येक मोंढ्यात सापडेल!

पण हे पठारावरचं गाव मोठं झालं कसं, ते बघण्यासारखं आहे. नाईलच्या पलीकडून येणारा हस्तिदंत आधी अक्सुमला यायचा आणि मग खाली बंदरात जायचा. म्हणजे बंदर खाली, पण दोरी वर. माल आपल्या हातातून गेल्याशिवाय पुढं जाणार नाही, हे त्यांनी सांभाळलं. बाहेरच्यांची भाषा शिकले, म्हणजे सौद्यात कुणी फसवू नये. आणि इसवी सन 270 च्या आसपास एंदुबिस राजानं स्वतःची नाणी पाडली. सोन्याची, चांदीची. सोन्याच्या नाण्यावर मजकूर ग्रीक, कारण ते बाहेरच्या व्यापाऱ्यांच्या हातात जाणार. पुढं त्या नाण्यांवर राजाच्या चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना धान्याची कणसं आली. सोन्यावर कणीस! शेतकऱ्याच्या पोराला हे बघून काय वाटलं असेल, तुम्हीच ओळखा.

त्याच तिसऱ्या शतकात इराणकडच्या मानी या धर्मगुरूच्या शिकवणीत जगातली चार मोठी राज्यं मोजलीत. इराण, रोम, चीन आणि अक्सुम.

पुढं सातव्या शतकाच्या सुमारास व्यापाराच्या वाटा बदलल्या आणि अक्सुम मागं पडलं. तेरचंही दूरच्या व्यापारातलं मोठेपण असंच ओसरलं. कोकणातले शिलाहार राजे कितीतरी शतकांनंतर स्वतःला 'तगरपुराधीश्वर' म्हणवून घ्यायचे, म्हणजे नावाचा दबदबा राहिला, गाव मात्र लहान होत गेलं. वाटा बदलतात. त्याला कुणाचा इलाज नाही.

पण पोराच्या प्रश्नाचं तेवढंच उत्तर नाही. तगरनं कधी नुसता कापूस विकल्याचं त्या पुस्तकात नाही. कापड विकलं. जाडं वेगळं, तलम वेगळं, प्रत्येकाला नाव वेगळं. आपण काय करतो? सोयाबीन निघालं की पोती भरायची, टेम्पोत टाकायची, मोंढ्यावर न्यायची आणि भाव विचारायचा. सांगायचा नाही, विचारायचा. त्याचंच तेल पिशवीत भरून दुसऱ्याच्या नावानं परत येतं आणि आपण किराणा दुकानातून छापील किमतीला घेतो. पोरं शिकतात आणि पुण्याला जातात. तीही एका अर्थी कच्चा मालच. दोरी वर राहिली नाही, बंदरात गेली.

अक्सुमची आणखी एक गोष्ट सांगतो, मग थांबतो.

तिथं एका दगडात कोरलेले प्रचंड खांब आहेत. त्यातला एक, 24 मीटर उंच, कधीकाळी पडून तुकडे झालेला. 1937 साली मुसोलिनीच्या लोकांनी तो उचलून रोमला नेऊन उभा केला. इथिओपियानं मागणी सोडली नाही. 2005 मध्ये तो तीन तुकड्यांत विमानानं परत आला आणि 2008 मध्ये पुन्हा जागेवर उभा राहिला. पडलेला, तुटलेला दगड. आपण म्हटलं असतं, जाऊ द्या, काय करायचंय.

आपण तेच म्हणतो. जुन्या गावठाणाची पांढरी माती ट्रॉलीनं शेतात नेऊन टाकतो, त्यात खापरं, मणी काय असेल ते गेलं. भूकंपानंतर आमच्याही जुन्या गावातून लोकांनी चौकटी, तुळया, दगड उचलले. तेव्हा गरज होती, दोष कुणाला देणार? आमच्या आजीनं ढिगाऱ्यातून काढलेला चेपलेला तांब्याचा हंडा मात्र आईनं मोडीत घालू दिला नाही. आजही घरात आहे. पाणी भरायच्या कामाचा नाही. पण त्याच्याकडं बघून पोराला सांगता येतं की आपलं घर भूकंपाच्या आधीही होतं.

तेरजवळून वाहणारी तेरणा पुढं आपल्याच माकणीच्या धरणात येते. तेर आणि आपण एकाच पाण्यावरचे. तेव्हा दोन गोष्टी करूया. या दिवाळीत पोरांना एकदा तेरचं संग्रहालय दाखवा, वेळ काढून, फक्त दर्शनापुरतं नाही. आणि शेतात, गावठाणात जुनं काही सापडलं तर भंगारवाल्याला देऊ नका, तहसीलला किंवा संग्रहालयाला कळवा.

मोंढ्याचं उत्तर एका पोस्टमध्ये मिळणार नाही, मला माहीत आहे. पण गटशेतीवाले, बचत गटाच्या ताई, डाळमिल टाकू बघणारी पोरं यातलं कुणी हे वाचत असेल तर सांगा, कुठं अडतंय. त्यावर बोलू. पुढच्या वेळी कुणी "गाव कोणतं?" विचारलं, तर भूकंपाच्या पुढचं एखादं वाक्य आपल्याकडं पाहिजे.