वाकलेला दांडा

आमच्या अंगणातील पारिजातकाखाली अण्णांची मोटारसायकल उभी असे. अण्णा गुरांचे डॉक्टर होते. वाईच्या आसपासच्या खेड्यांतून केव्हा बोलावणे येईल याचा नेम नसे. म्हणून ती काळी बुलेट सदैव सज्ज असे. तिचा धडधडाट दुरून कानी आला, की लोक गोठ्यात कंदील लावून वाट पाहत. मला मात्र अण्णांची सक्त ताकीद होती : "गाडी पुसायची, पण तिच्यावर चढायचे नाही."

१९७४ सालच्या श्रावणातील ती दुपार मला अजून आठवते. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. अण्णा दवाखान्यात पायीच गेले होते आणि आई देवळात गेली होती. गाडी पुसता पुसता मला मोह आवरेना. मी वर चढलो, हँडल धरले आणि तोंडाने आवाज काढीत पसरणीच्या घाटातील वळणे घेऊ लागलो. एका वळणावर मी इतका झुकलो, की गाडी स्टँडवरून सरकली आणि उजव्या अंगावर पायरीच्या दगडावर आदळली. मी उडी मारली म्हणून बचावलो.

शेजारचे दोन मित्र धावून आले. दीडशे किलोंहून अधिक वजनाचे ते धूड आम्ही तिघांनी कसेबसे उभे केले. पाहतो तो गियरचा दांडा वाकून इंजिनाच्या अंगाला चिकटलेला! आजच्या गाड्यांचा गियर डाव्या पायाशी असतो. त्या काळच्या बुलेटचा तो उजव्या पायाशी असे. आता तो ना वर जाईना, ना खाली. कोणी यायच्या आत तो सरळ करावा, म्हणून मी लोखंडी नळीचा एक तुकडा दांड्यावर चढवून जोराने ओढला. 'कट्' असा बारीक आवाज झाला. दांडा सरळ तर झाला नाहीच. उलट त्याच्या बाकावर केसाएवढी चीर पडली. मी पुसण्याचे फडके त्यावर टाकले आणि घरात जाऊन पुस्तक उघडून बसलो.

दिवेलागणीला धोमकडील एका वाडीतला शेतकरी धापा टाकीत आला. "डॉक्टरसाहेब, गाय अडलीय. लवकर चला!" अण्णांनी बॅग घेतली, किक मारली, पाय दांड्यावर ठेवला आणि ते थबकले. खाली वाकून त्यांनी दांडा पाहिला.

"हे काय झाले?" ते म्हणाले.

मी दारातच उभा होतो. पण माझी जीभ टाळूला चिकटली होती. अण्णांना थांबायला सवड नव्हती. त्यांनी शेजाऱ्यांची सायकल मागून घेतली, बॅग मागे बांधली आणि भर पावसात ते दिसेनासे झाले.

ते परतले तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. मी अंथरुणात जागाच होतो. गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले अण्णा आईला म्हणाले, "गाय वाचली. वासरू गेले. थोडे आधी पोहोचायला हवे होते."

मला राहवेना. मी उठून बाहेर आलो. "अण्णा, गाडी मी पाडली. दांड्याला चीरही मीच पाडली."

ते माझ्याकडे पुष्कळ वेळ पाहत राहिले. मग एवढेच म्हणाले, "सकाळी माझ्याबरोबर चल."

सकाळी त्यांनी दांड्यावर आणि त्याच्या आसावर खडूने एक रेघ ओढली. "उतरवण्यापूर्वी खूण करावी, म्हणजे तो पुन्हा नेमका जागेवर बसतो." बोल्ट काढून त्यांनी दांडा आसाच्या दात्यांवरून हलकेच ओढला. "आधी उतरवायचा. गाडीवर असतानाच जोर लावला, की तो आतल्या आसाला बसतो."

लोहाराने दांडा सांडशीत धरून भट्टीत घातला आणि भाता चालवला. लोखंड लालबुंद झाले, तेव्हा ऐरणीवर ठेवून त्याने हातोड्याचे मोजके घाव घातले. दांडा निमूटपणे सरळ झाला. "पोरा, थंड लोखंडाशी जबरदस्ती केली की ते चिरतं," तो म्हणाला. शेजारच्या दुकानातून चीर गॅसने सांधून आणल्यावर त्याने सांधा पुन्हा तापवला. आता तो पाण्यात बुडवणार, असे मला वाटले. पण त्याने दांडा राखेत पुरला.

"पाण्यात घातला तर कडक होईल, पण ठिसूळही होईल. सावकाश निवू दे. बाहेरचा दांडा जरा मऊच हवा. गाडी पडली तर त्यानं वाकावं. तो वाकला नाही, तर आतला आस वाकेल. मग सारी पेटी उघडावी लागेल."

मी अण्णांकडे पाहिले. रात्री ते मला एक शब्दही लागेल असे बोलले नव्हते.

घरी आल्यावर त्यांनी पाना माझ्या हाती दिला. खडूच्या रेघा जुळवून मी दांडा बसवला, बोल्ट आवळला. चारही गियर नीट पडले. "बस मागे," अण्णा म्हणाले. आम्ही थेट त्या वाडीवर गेलो. "मला सांगितलेस, बरे केलेस. आता ज्याची गाय, त्याला सांग."

मी मान खाली घालून सारे सांगितले. तो शेतकरी बराच वेळ बोलला नाही. मग त्याने हिरव्या गवताची एक पेंढी माझ्या हाती दिली आणि गोठ्याकडे बोट दाखवले. गाय रिकाम्या जागेकडे तोंड करून उभी होती. माझ्या हातचे गवत ती खाऊ लागली, तेव्हा माझे डोळे भरून आले.

तो दांडा पुढे कित्येक वर्षे चालला. गाडी पुसताना सांध्याची ती गाठ माझ्या बोटांना लागे, आणि हात क्षणभर तेथेच थांबे.