चित्रात पडदा नव्हता

आमच्या कॉलनीतल्या बायकांना मी नेमकं काय काम करते ते अजून उलगडलेलं नाही. "दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसून काय करायलीस गं?" शेजारच्या आजी विचारतात. "घरांची चित्रं काढते," म्हटलं की त्या म्हणतात, "मग घराचा फोटोच काढावा की!" पण माझं काम असतं न बांधलेल्या घराचं. आर्किटेक्ट नकाशा देतात. त्यावरून कॉम्प्युटरवर भिंती उभ्या करायच्या, फरशी, रंग, उजेड घालायचा आणि फोटोसारखं चित्र तयार करायचं. त्याला रेंडर म्हणतात. आपले लोक सरळ 'थ्रीडी' म्हणतात. नकाशा सगळ्यांना वाचता येत नाही, थ्रीडी मात्र आजीपासून नातवापर्यंत साऱ्यांना कळतं.

मुलगा पूर्ण दिवसाच्या शाळेत जाऊ लागला तेव्हा मी हे सुरू केलं. पहिला प्रश्न पडला सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं याचा. स्केचअपवर घर उभं करायला शिकले होते, पण त्यात उजेड भरणारं सॉफ्टवेअर वेगळं लागतं. बल्गेरियातलं व्ही-रे उजेडाचा किरण कुठं आपटून कुठं वळेल याचा बारीक हिशेब करतं. चित्र देखणं येतं, पण माझ्या जुन्या मशीनवर एकेक चित्र रात्रभर शिजायचं आणि पहाटे लाइट गेली की नासायचं. हॉलंडचं लुमियन आणि जर्मनीचं एन्स्केप ही चटकन चित्र देणारी, पण त्यांना दणकट ग्राफिक्स कार्ड हवं आणि पैसेही मोजायला हवेत. ब्लेंडर मात्र फुकट. २००२ साली जगभरच्या लोकांनी सात आठवड्यांत १ लाख युरो वर्गणी जमवून ते सगळ्यांसाठी मोकळं केलं. आपल्या भिशीसारखंच की हे! पण शिकायला वेळ फार लागतो.

शेवटी भिशी लागली तेव्हा मी कार्ड घेतलं आणि झटपट चित्र देणारं सॉफ्टवेअर निवडलं. कारण एकच. समोर बसलेलं कुटुंब म्हणतं, "सोफा जरा हिरवा करून बघा ना," आणि ते तिथल्या तिथं दाखवता आलं की मंडळी खूश. मंडळी खूश म्हणजे आर्किटेक्ट खूश, आणि पुढचं काम हातात. सॉफ्टवेअर निवडताना मी एवढाच विचार केला होता.

मग मावशी आल्या. नात्यानं मावशी नव्हेत, पण पहिल्याच भेटीत त्यांनी तसं म्हणायला लावलं. शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. यजमान वारलेले, मुलगा पुण्याला. फंडाचे पैसे आणि थोडं कर्ज घालून बीड बायपासकडच्या पश्चिममुखी प्लॉटवर छोटं घर बांधायचं होतं. मुलाला रस्त्याच्या बाजूनं जमिनीपर्यंत मोठी काच हवी होती. मी हॉलचं चित्र केलं. संध्याकाळचं सोनेरी ऊन तिरकं सोफ्यावर पडलेलं, काचेबाहेर डेरेदार कडुनिंब, हॉल असा ऐसपैस की वाटावं बंगलाच. मावशींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "किती छान दिसायलंय गं!" म्हणाल्या. चित्राची प्रिंट काढून त्यांनी भाड्याच्या घरात देवघराशेजारी लावली. वर्षभर रोज दिवा लावताना त्या माझं चित्र बघत होत्या.

फेब्रुवारीत वास्तुशांत झाली. हवा गोड होती, सगळ्यांनी घर वाखाणलं.

मे महिन्यात कैरीचं लोणचं द्यायला मी त्यांच्याकडे गेले. दुपारचे साडेचार झाले असतील. मावशी मागच्या खोलीत चटईवर बसलेल्या. हॉलचं दार लावलेलं. आत डोकावले तर भट्टीचं तोंड उघडल्यासारखी झळ आली. काचेवर दोन जुन्या चादरी आणि एक सतरंजी खिळ्यांनी टांगली होती. माझा चेहरा बघून त्याच म्हणाल्या, "अगं, ऊन फार येतं. चादर लावली की भागतं." आणि मग हसून, "चित्रात पडदा नव्हता गं."

त्या तक्रार करत नव्हत्या, पण मला तोंड लपवावंसं वाटलं.

घरी येऊन जुनी फाइल उघडली. मी सूर्य कुठं ठेवला होता ते पाहिलं, तर जिथं छान दिसेल तिथं, हातानं! खरी जागा, तारीख आणि वेळ घातली की सूर्य आपोआप जागेवर येतो ही सोय त्याच सॉफ्टवेअरमध्ये होती. मी ती कधी वापरलीच नव्हती. आता गाव घातलं, तारीख १५ मे, वेळ दुपारी साडेचार. सूर्य पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे, जमिनीपासून सुमारे ३३ अंशांवर आला. दोन फुटी छज्जाची सावली सात फुटी काचेवर जेमतेम सव्वा फूट उतरली, आणि ऊन पुढं आत जवळजवळ नऊ फूट शिरलं. सोफा पुरता उन्हात. या सगळ्याला दहा मिनिटं लागली. ती दहा मिनिटं मी आधी दिली असती तर?

बाकीची लबाडीही दिसू लागली. कडुनिंब माझाच, प्लॉटवर काटकीसुद्धा नव्हती. आणि कॅमेऱ्याची नजर इतकी रुंद ठेवली होती की दहा बाय चौदाची खोली दिवाणखाना भासावी.

आमच्या गावाला दिसणं आणि असणं यातला फरक नवा नाही. बीबी का मकबरा लांबून सगळा संगमरवरी वाटतो. जवळ गेलं की कळतं, पायथ्याची पट्टी आणि घुमट संगमरवरी, मधला भाग बसाल्टवर गुळगुळीत गिलाव्याचा. पण तिथं उन्हात कुणाला राहायचं नसतं. मावशींना रोज राहायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आर्किटेक्टना ते चित्र दाखवलं. त्यांनाही ते लागलं. त्यांनी समजावलं ते तुम्हालाही उपयोगी पडेल. दुपारी डोक्यावरच्या उन्हाला छज्जा अडवतो, पण पश्चिमेचं ऊन खालून, आडवं येतं. त्याला उभीच आड हवी, आणि तीही काचेच्या बाहेर. आतला पडदा उजेड रोखतो, पण काचेतून आत आलेली उष्णता बरीचशी खोलीतच राहते. आम्ही दोघांनी निम्मा निम्मा खर्च करून बाहेर लोखंडी जाळीची चौकट बसवली आणि तिच्यावर मधुमालती चढवली. वेल वाढेपर्यंत वाळ्याचे ताटे टांगले.

त्यानंतर मी प्रत्येक घराची दोन चित्रं देते. एक दिवाळीच्या सकाळचं, एक मेच्या दुपारचं. सगळ्यांना ते आवडतं असं नाही. एका बाईंनी दुसरं चित्र बघून नाक मुरडलं, "आमच्या भावजयीच्या थ्रीडीत घर कसं चमकत होतं," म्हणाल्या, आणि पुन्हा आल्या नाहीत. ते काम गेल्याचं वाईट वाटलं, नाही कसं म्हणू? त्या महिन्यात मुलाची फी भरायची होती.

मैत्रिणींनो, घर बांधताना थ्रीडी पाहाल तेव्हा रंग नंतर निवडा. आधी विचारा, हा सूर्य कुठल्या तारखेचा, किती वाजताचा? खोलीत आपला खरा पलंग आणि कपाट मापानं ठेवून दाखवायला सांगा. बाहेरचं झाड खरंच आहे का ते बघा. आणि माझ्या धंद्यातल्या मुलींनो, सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, महाग किंवा फुकट. चित्र किती झटपट येतं हे बघाच, पण आपल्या गावचं ऊन त्यात घालायला विसरू नका.

दोन पावसाळे गेल्यावर मी मावशींना वेलीसकट हॉलचं नवीन चित्र करून नेलं. जुनं काढून हे लावा म्हटलं. त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि माझा हात धरून मला हॉलमध्ये नेलं. साडेचारच वाजले होते. चादरी निघाल्या होत्या. "आता चित्र कशाला?" म्हणाल्या. "बस इथं सोफ्यावर. चहा टाकते."