मोग्गल्लानांची आई आणि जपानचा ओबोन

सारिपुत्त आणि महामोग्गल्लान ही तथागतांच्या दोन अग्रश्रावकांची नावे आपल्या परिचयाची आहेत. त्यांच्या अस्थी सांचीच्या स्तूपात १८५१ साली सापडल्या, इंग्रज त्या लंडनला घेऊन गेले आणि १९५२ साली त्या पुन्हा सांचीच्या विहारात सन्मानाने ठेवल्या गेल्या. यातल्या मोग्गल्लानांच्या नावाने जपानमध्ये आजही दर उन्हाळ्यात एक मोठा सण होतो, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. त्या सणाचे नाव ओबोन.

जपानच्या बहुतेक भागांत ओबोन १३ ते १६ ऑगस्टला असतो, टोकियोत जुलैमध्ये. शहरात कामाला गेलेली माणसे गावी परततात, गाड्यांना गर्दी उसळते. कबरी धुऊन फुले वाहतात. पूर्वजांना वाट दिसावी म्हणून दाराशी लहानसा जाळ करतात. काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात आणि वांग्याची गाय. यावे घोड्यावरून लवकर, जावे गाईवरून सावकाश! रात्री मधल्या मचाणावर ढोल वाजतो आणि त्याभोवती म्हातारीकोतारी, पोरेसोरे फेर धरून नाचतात. १६ ऑगस्टच्या रात्री क्योतो शहराभोवतीच्या डोंगरांवर भल्यामोठ्या आकृत्यांत आग पेटवून निरोप देतात.

यामागची कथा चिनी भाषेत जतन झालेल्या एका सूत्रात आहे. मोग्गल्लानांनी ऋद्धिबळाने पाहिले तर त्यांची मृत आई प्रेतलोकात उपाशी तळमळत होती. त्यांनी तिला भात दिला, पण घास तोंडाशी जाताच त्याचे निखारे झाले. रडत ते तथागतांकडे गेले. तथागत म्हणाले, हे तुझ्या एकट्याच्या बळाने होणार नाही. वर्षावास संपेल त्या दिवशी संघाला भोजनदान दे. त्यांनी तसे केले आणि आई सुटली. त्या आनंदात ते नाचले, तोच हा नाच, असे जपानी लोक सांगतात.

आता आपला प्रश्न. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान नाकारले आहे. मग बौद्धांच्याच देशात पितरांचा सण कसा? कोणी असेही म्हणेल की भिक्खूंना जेवण दिले म्हणजे ब्राह्मणभोजनच झाले.

बंधू-भगिनींनो, पितर परत येतात हे आपण मानत नाही. जपानमध्येही सर्वजण मानत नाहीत. तिथला जोदो शिन्शू हा मोठा बौद्ध पंथ पूर्वज घरी येतात असे मानत नाही. ते लोक त्या दिवसांत जमतात, गेलेल्यांची कृतज्ञतेने आठवण काढतात आणि धम्म ऐकतात. संघाचे म्हणाल तर तिथे जन्माने कोणी मोठा नव्हता. न्हावी उपाली आणि सफाई करणारा सुनीत हेही त्याच संघाचे भिक्खू होते. कथेचे सारही मला हेच दिसते की चमत्काराने आई सुटली नाही, वाटून दिल्याने सुटली.

आमच्या वस्तीतल्या एका आजीने मला एकदा विचारले होते, "दादा, पक्ष सोडला ते बरंच केलं. पण माझ्या आईची सय कशी काढू? तिनं धुणीभांडी करून आम्हाला वाढवलं." त्या माउलीला मी काय सांगणार? मी दिवसभर कारकुनी करतो, संध्याकाळी विहारात मुलांचा अभ्यास घेतो. माझी आई गेली त्या तारखेला आम्ही घरी त्रिशरण-पंचशील घेतो, आईच्या कष्टांच्या गोष्टी मुलांना सांगतो आणि त्या मुलांना वह्या देतो. आजींना मी एवढेच सांगितले. पुढच्या वर्षी त्यांनी दोन पोरींची वह्या-पुस्तके केली आणि सर्वांसमोर आपल्या आईचे नाव घेतले. नाव घेताना त्यांचा आवाज कापत होता.

कर्मकांड सोडताना आठवण सुटू देऊ नका. ज्या आयाबायांनी अंगठा उठवून आपल्याला सही करायला शिकवले, त्यांची नावे आपल्या मुलांना ठाऊक आहेत का? आज रात्री जेवताना विचारून पाहा.