हवी तशी जमीन

राज्य करायचे तर आधी जमीन हवी. ती कशी हवी, हे विचारणारा एक खेळ संगणकावर आहे. सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी घडवलेला ‘सिव्हिलायझेशन’ हा खेळ १९९१ मध्ये आला. त्यानंतर त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या, पण रीत तीच राहिली. बुद्धिबळासारखी चाल आपण खेळायची, मग इतर राज्यांनी. घाई नाही, विचार करायला हवा तेवढा वेळ.

२०१६ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीत डाव मांडण्यापूर्वी पृथ्वीच घडवून घेता येते. ‘पॅन्जिया’ निवडला, की सगळे एकाच भूखंडावर. शेजारी लवकर भेटतात आणि भांडणेही लवकर जुंपतात. ‘आर्किपेलागो’ म्हणजे बेटेच बेटे. तिथे शत्रू दूर, पण जहाजांवाचून पान हलत नाही. पृथ्वी तरुण ठेवली तर डोंगर जास्त, म्हातारी केली तर सपाटी. पाऊस, उष्णता, समुद्राची पातळी, सारे आपल्या मर्जीने.

काठिण्याच्या पायऱ्या आठ. चौथ्या ‘प्रिन्स’ पायरीवर संगणकाला विशेष सवलत नसते. सर्वांत वरच्या ‘डीटी’वर मात्र त्याची राज्ये तीन वसाहतकऱ्यांनिशी सुरुवात करतात आणि आपल्या हाती एकच!

इतके सगळे ठरवता येते, पण आपला पहिला माणूस नेमका कुठे उभा राहील, ते ठरवता येत नाही. तिथेच खरी कसोटी लागते.

एका घरातला मुलगा या कसोटीला रोज पाठ दाखवत होता. प्रवेश परीक्षेत थोडक्यात हुकलेला, गावातल्या कॉलेजचे नावही काढू न देणारा. संध्याकाळी तो खेळायला बसे आणि दोन मिनिटांत डाव मोडून नवा मांडे. एकदा भाजी निवडता निवडता आईने विचारले, “अरे, आत्ताच तर सुरू केलास ना?”

“इथे नदी नाही गं आई. गोडं पाणी नसलं की शहर वाढत नाही.”

“मग जरा पुढे जाऊन बघ.”

“तेवढ्यात चाली वाया जातात.”

“एकूण किती असतात?”

“पाचशे.”

“पाचशेतल्या दोन गेल्या तर काय बिघडलं?”

आई पुढे काही बोलली नाही. त्याने माणसाला टेकडीपलीकडे नेले. नदी नव्हतीच, एक लहानसे तळे होते. त्याच्या काठी त्याने शहर वसवले. ते राज्य शेवटी हरले, पण त्याआधी साडेतीनशे चाली नांदले. त्या महिन्यात त्याने पुरा खेळलेला तो पहिला डाव.

नवख्याने दोन-तीन खंडांचा ‘कॉन्टिनेंट्स’ नकाशा आणि ‘प्रिन्स’ किंवा त्याखालची पायरी घ्यावी, हे बरे. हात बसला, की ‘शफल’ निवडून पाहावे. त्यात नकाशा कोणत्या जातीचा, हेही संगणकच ठरवतो. समोर वाळवंट आले तर लगेच डाव मोडू नये. धुक्याआड काय आहे, ते दोन पावले चालल्याशिवाय दिसत नाही.